फुटक्या शिळेवरचं अक्षर

तुम्ही कधी एखादा धडा अर्धाच शिकून, त्याच्या भरवशावर सहा घरांची अब्रू आणि पाठ पणाला लावली आहे का?

मी लावली आहे. ज्यांच्याकडून तो अर्धा धडा शिकले, ते माझे भूगोलाचे मास्तर, धुळ्याचे नाना, गेल्या मंगळवारी गेले. पुढचं सगळं मी त्यांच्याशी बोलणार आहे. वाचकांनी शेजारी बसून ऐकावं. शेवटी तुमच्याकडेही एक काम आहे.

नाना, तुमच्यावर वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आहेत. 'निष्ठावंत, व्यासंगी, विद्यार्थिप्रिय शिक्षक.' वाचल्याबरोबर माझा हात लाल पेन्सिल शोधायला लागला. तुम्ही असतात तर तिन्ही विशेषणं छाटून विचारलं असतंत, "आता उरलं काय ते सांग." उरलं बरंच आहे. परवा तुमच्या घरून परत येताना मी रस्त्याने रडत होते आणि मधूनच हसत होते. समोरून येणाऱ्या टांगेवाल्याने घोडा आवरून विचारलं, "ताई, बरं शे ना?" मी म्हटलं, बरं आहे. आणि ते खोटं नव्हतं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. अमळनेरला गिरणीत काम करणारे माझे वडील हरताळाची पत्रकं घरी आणत, आणि मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. बाकीच्या मुली 'कमळ' शिकल्या तेव्हा मी 'कामगार' शिकले. धुळ्याला मावशीकडे राहून तुमच्या शाळेत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझं नाव 'तोफ' ठेवलंत. "तोफ, खाली बस. दारूगोळा मधल्या सुट्टीसाठी राखून ठेव."

तो धडा मला अजून लख्ख दिसतो. 'रूपांतरित खडक.' तुम्ही टेबलावर चुनखडीचा एक तुकडा ठेवलात आणि त्याच्या शेजारी संगमरवराचा एक पांढराशुभ्र तुकडा. दोन्हींवर बाटलीतून तेजाबाचे दोन-दोन थेंब टाकलेत. दोन्ही दगड सारखेच फसफसले. वर्ग खूश. तुम्ही म्हणालात, "बघितलं? द्रव्य एकच. संगमरवर म्हणजे चुनखडीच." इतक्यात बाहेर रस्त्यावर घोषणा सुरू झाल्या. फी वाढवल्याबद्दल विद्यार्थ्यांचा मोर्चा होता. मी उठले, दप्तर उचललं आणि तुम्हाला न विचारता निघाले. तुम्ही खडू हातात धरून एवढंच म्हणालात, "अगं, अजून अर्धा धडा बाकी आहे." मी दारातून ओरडले, "उरलेला जनता शिकवेल!"

जनतेने शिकवला नाही, नाना. तुम्हीच शिकवलात, पण चार वर्षांनी.

त्या चार वर्षांत मी एक पत्रकही काढलं होतं, 'शिक्षकांनो, तुमचा कणा कुठे आहे?' शाळेच्या फाटकाशी उभी राहून मी एक प्रत तुमच्याही हातात दिली. दुसऱ्या दिवशी ती मला परत मिळाली. ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका लाल केलेल्या, आणि खाली शेरा: 'मुद्दा विचार करण्यासारखा. राग जास्त, पुरावा कमी. पुन्हा लिही.' मी ते फाडून टाकलं. आज ते जवळ असतं तर काय दिलं नसतं मी!

मग पांझरेकाठच्या त्या गावचं प्रकरण आलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आता ते गाव नीट वागतं आहे, उगाच डिवचायचं कशाला? पण तेव्हा गावाबाहेरच्या वस्तीतल्या सहा घरांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. त्यांच्या बायका उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरे खोदायच्या आणि वाटी-वाटीने घागर भरायच्या. कायदा होऊन गेला होता. तो कचेरीतल्या कपाटात सुखरूप होता. वस्तीतल्या थोरल्या माणसाने, बुधाआबांनी, ठरवलं की येत्या रविवारी सकाळी विहिरीवर जायचं. मी त्यांच्या ओट्यावर बसून मोठं भाषण दिलं. आबांनी ते शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाले, "ताई, आमी सहा घरं शेतस. एकला गयात ते मार खासूत. धुळानी मानसं येतीन का, ते सांग."

एवढंच पणाला होतं. माणसं आली तर पाणी, नाही आली तर मार. मी छातीवर हात मारून म्हटलं, "येतील. शनिवारच्या बाजारात पत्रक वाटते."

धुळ्यातला एकही छापखाना ते पत्रक छापायला तयार होईना. कुणाला सरकारी काम जायची भीती, कुणाला गिऱ्हाईक तुटायची. शेवटी उस्मानचाचा तयार झाले. त्यांचा जुना शिळाप्रेस होता. लग्नाच्या उर्दू पत्रिका ते शिळेवर छापत. पद्धत साधी. तेलकट शाईने खास कागदावर सुलटं लिहायचं, कागद शिळेवर दाबायचा, की अक्षरं शिळेवर उलटी उमटतात. मग डिंक आणि थोडं तेजाब लावून ओलं फडकं फिरवायचं. कोऱ्या जागी शिळा पाणी पिते, अक्षरं पाणी झिडकारतात. वरून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त अक्षरांना लागते. शिळा असते बारीक कणांच्या चुनखडीची, फार जपून ठेवायची वस्तू. चाचांकडे एकच होती.

बुधवारी ती फुटली. माझ्यामुळेच. "थोडा आणखी दाब द्या, चाचा, अक्षर ठळक हवं," असं मीच म्हणत होते. कडकन आवाज झाला आणि शिळेचे आडवे दोन तुकडे, एक मोठा, एक लहान. चाचा हळूच म्हणाले, "बेटी, पत्थर गया."

रविवार चार दिवसांवर. आणि नाना, तेव्हा माझ्या डोक्यात तुमचा अर्धा धडा पेटला. संगमरवर म्हणजे चुनखडीच! मी चाचांना म्हटलं, "काळजी करू नका, दगड मिळेल."

संगमरवर धुळ्यात कुणाकडे? देवळाची फरशी बसवणाऱ्या एका मारवाडी शेठजींकडे. त्यांच्या अंगणात उरलेल्या लाद्या रचून ठेवल्या होत्या. ज्यांच्यावर मी आयुष्यात निदान सात पत्रकं लिहिली होती, त्यांच्या ओट्यावर मी नमस्कार करून बसले. शेठजींनी विचारलं, "बाई, लादी कशाला पाहिजे?" मी म्हटलं, "पाण्याचं काम आहे." शेठजींना वाटलं, मी कुठे पाणपोई काढते आहे. त्यांनी ताबडतोब सगळ्यात चांगली लादी निवडली, गडी बोलावला आणि हातगाडीवर घालून दिली. "पाण्याच्या कामाला नाही कोण म्हणेल? उन्हाळा कसा आहे बघता ना?"

गुरुवारी सकाळपासून आम्ही त्या लादीशी झटलो. वाळू आणि पाणी घालून तिची चकाकी घासून काढली. माझ्या चाळीस ओळी तिच्यावर उतरवल्या. तेजाब लावलं, तर ती वर्गातल्यासारखीच फसफसली. मी टाळ्या पिटल्या. "बघा चाचा, द्रव्य एकच!" चाचांनी ओलं फडकं फिरवलं, रूळ फिरवला. लादी आख्खी काळी झाली. अक्षरं काळी, मधली जागा काळी, कडा काळ्या. पुसली, पुन्हा केलं. पुन्हा काळी. तिसऱ्यांदा कागद उचलला, तर काळ्या डागांच्या गर्दीतून माझा एकच शब्द वाचता येत होता: 'धिक्कार'.

चाचा म्हणाले, "बेटी, कुणाचा धिक्कार, ते लिहायचं राहिलं."

संध्याकाळी पाच वाजता मी तुमच्या दारात उभी होते. हातापायांना शाई, डोळ्यांत पाणी. आणि काय म्हणाले असेन? नमस्कार नाही, काही नाही. म्हटलं, "तुम्ही खोटं शिकवलंत!"

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. आणि मग इतके हसलात, इतके हसलात, की काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. "तोफ, तू त्या दिवशी 'द्रव्य एकच' इथपर्यंत बसलीस आणि निघालीस. पुढचं वाक्य होतं, 'पण दगड एक नाही.' "

लगेच टोपी घालून तुम्ही माझ्याबरोबर चाचांच्या छापखान्यात आलात. त्या काळ्या लादीवर हात फिरवलात, खिशातून भिंग काढून माझ्या हातात दिलंत. "बघ. काय दिसतं?"

"साखरेसारखे दाणे."

"आता फुटलेली शिळा बघ."

"काहीच दिसत नाही. पीठ."

"झालं. हाच तुझा बुडालेला अर्धा तास." आणि रूळ, डिंक आणि फडक्यांच्या गर्दीत एका मोडक्या स्टुलावर बसून तुम्ही तो धडा पुरा केलात. समुद्राच्या तळाशी शिंपल्यांचा चुरा थरावर थर साचतो आणि त्याची चुनखडी होते. तिचे कण बारीक आणि सगळीकडे सारखे, म्हणून ती पाणीही नीट पिते आणि शाईही नीट धरते. मग कधी जमिनीचे थर दुमडतात आणि ती चुनखडी खोल गाडली जाते. वरून मैलामैलांच्या दगडांचा भार, खालून पृथ्वीच्या पोटातली धग. लाखो वर्षं. ती वितळत नाही. पण तिचे कण जुनी जागा सोडतात. बारके कण मोठ्यांत विरतात, मोठे आणखी वाढतात आणि एकमेकांत दात रोवून बसतात. शिंपल्याची खूणसुद्धा उरत नाही. बाहेर येतो तो संगमरवर.

"चुनखडी म्हणजे पिठीसाखर समज आणि संगमरवर म्हणजे खडीसाखर," तुम्ही म्हणालात. "दोन्ही गोड. पण खडीसाखरेचे लाडू वळून दाखव मला."

चाचांनी मान डोलावली. "मास्तरसाब, ये बात सुबह कहनी थी."

"सकाळी ही माझ्याकडे आली कुठे? सकाळी हिला सगळं येत होतं."

मी चिडून विचारलं, "मग आता काय? लाख वर्षं थांबायचं?"

"मुळीच नाही. आपण माणसं आहोत, आपल्याला शनिवार गाठायचा आहे." तुम्ही फुटलेल्या शिळेचा मोठा तुकडा उचलून बघितलात. "हा धडधाकट आहे. चाचा, हा चौकटीत पाचरी मारून बसेल?" चाचा म्हणाले, बसेल, पण मजकूर निम्म्याहून कमी करावा लागेल.

माझ्या चाळीस ओळींवर लाल पेन्सिल चालली, ती मी विसरणार नाही.

"हा 'रक्तपिपासू' काढ."

"का? आहेतच ते!"

"असतील. जागा नाही. 'शतकानुशतकांच्या काळरात्रीत खितपत पडलेल्या' काढ."

"नाना, तो माझा सगळ्यात चांगला शब्दप्रयोग आहे!"

"म्हणूनच तो पुढच्या पत्रकासाठी ठेव. विहीर कुठली, दिवस कुठला, वेळ कुठली? चाळीस ओळींत वेळ कुठेच नाही. माणसं आली कधी असती?"

खरंच, वेळ लिहायची राहिली होती.

शेवटी उरल्या सहा ओळी. 'रविवारी सकाळी आठ वाजता या गावच्या सार्वजनिक विहिरीवर वस्तीतली सहा घरं पाणी भरणार आहेत. विहीर त्यांचीही आहे. कायदा तसं सांगतो. पण कायदा त्यांच्या शेजारी येऊन उभा राहत नाही. माणसं राहू शकतात. तुम्ही या.' वरती गावाचं नाव.

आता लिहायचं कुणी? चाचा उर्दूचे खुशनवीस, म्हणजे सुंदर अक्षर काढणारे, पण देवनागरी त्यांना जेमतेम वाचता यायची, लिहिता नाही. माझं अक्षर बघून तुम्ही म्हणालात, "एवढ्याशा दगडावर कोंबडी नाचवता येणार नाही." तुम्ही बाही वर केलीत, बोरू शाईत बुडवलात आणि थांबलात. मला विचारलंत, "खाली नाव कुणाचं?"

मी म्हटलं, "कुणाचं नाही. नुसतं 'कृती समिती'."

"बरं," तुम्ही म्हणालात, आणि लिहिलंत. फळ्यावर लिहायचात तसंच, गोल, मोकळं, प्रत्येक शिरोरेघ आखल्यासारखी. मला तेव्हा एवढंच दिसलं की मजकूर मावला. शुक्रवारी दिवसभर चाचा आणि मी छापत होतो. पत्रकं वाळत घातली तेव्हा मी आनंदाने गात होते. आणि तुम्ही कोपऱ्यात बसून पेपर तपासत होतात.

मला कळलं ते शनिवारी बाजारात. एका कापडवाल्याने पत्रक हातात घेतलं, वाचायच्या आधीच चष्मा नीट केला आणि शेजारच्याला हाक मारली, "अहो, हे तर नानांचं अक्षर!" शेजाऱ्याने बघितलं. "नानांचंच. हा 'ळ' बघा ना. या 'ळ'साठी छड्या खाल्ल्यात मी." भाजीवालीचा मुलगा म्हणाला, मास्तरांनी बोलावलंय. टांगेवाला म्हणाला, वकील म्हणाला, गिरणीतला फिटर म्हणाला. धुळ्यातल्या निम्म्या बाप्यांनी आणि त्यांच्या पोरांनी त्या अक्षरावरून लिहायला शिकून घेतलं होतं. खाली नाव नव्हतं, आणि सबंध पत्रकच तुमचं नाव झालं होतं.

मी बाजाराच्या मधोमध थांबून हातातलं पत्रक पुन्हा बघितलं. पत्रकात लिहिलं होतं ते करायची हिंमत लागते हे मला माहीत होतं. पण नोकरी करणाऱ्या मास्तराने ते स्वतःच्या अक्षरात लिहायला किती लागते, ते तेव्हा कळलं. बोरू थांबला होता तो याचसाठी. 'शिक्षकांनो, तुमचा कणा कुठे आहे?' असं मी विचारलं होतं ना? उत्तर तुम्ही हाताने लिहून दिलंत, आणि त्यात ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती.

रविवारी दोनशेच्या वर माणसं आली. सायकलींवरून, टांग्यांतून, पायी. चाचाही आले. शेठजींचा गडीसुद्धा आला. त्याला शेठजींनी 'पाणपोई बघून ये' म्हणून पाठवलं होतं. विहिरीच्या एका बाजूला वस्तीतली माणसं आणि आपण, दुसऱ्या बाजूला गावचे पाटील आणि त्यांची पंधरा-वीस माणसं, काठ्या घेऊन. मी घोषणा द्यायला तोंड उघडलं. तुम्ही माझा दंड धरलात. आणि मग, नाना, तुम्ही काय केलंत! विहिरीच्या काठावर गुडघे टेकलेत, आत वाकून बघितलंत आणि ओरडलात, "अरे वा! वा वा वा! हे बघा!"

पाटलांना वाटलं, आत कुणी पडलं. ते पुढे झाले. "काय देखी राह्यनात, मास्तर?"

"तो तांबडा थर बघा, पाटील. वर काळा दगड, खाली काळा दगड, आणि मधे हातभर तांबडी माती. दिसते?"

आता सगळे वाकले. पाटलांची माणसं वाकली, बुधाआबा वाकले, काठ्या काठावर टेकल्या. तुम्ही सांगायला लागलात, जणू तो आठवीचा वर्ग होता. खालचा काळा दगड म्हणजे एकदा वाहून आलेला तापलेला रस. तो निवला. त्याच्यावर उन्हापावसाने माती धरली. मग पुन्हा जमीन फाटली, पुन्हा रस वाहत आला आणि त्या मातीवरून पसरला. माती खाली विटेसारखी भाजली गेली. संगमरवराइतका खोल दाब हिला मिळाला नाही, पण धग मिळाली.

बुधाआबा म्हणाले, "खरं शे. ही इहीर मना बापनी खंदेल शे. तठे तांबडं लागनं, तवय बाप म्हने, माटी भाजेल शे. कोनी भाजी, ते देव जाने."

पाटील ताठ झाले. "खंदी असेल. बांधी मना आजानी."

तुम्ही उठलात, धोतराची धूळ झटकलीत. "म्हणजे खणणाऱ्याचा मुलगा इथे हजर, आणि बांधणाऱ्याचा नातूही हजर. मग आपण थांबलोय कुणासाठी?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मला वाटतं, ते पाटलांच्या बाजूचंच होतं. आणि एकदा एकजण हसला की काठी उगारणं फार अवघड होऊन बसतं. तेवढ्यात बुधाआबांच्या सुनेने दोर सोडला. बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज मी ऐकला. तिने पहिली बादली वर काढली, तेव्हा तुम्ही ओंजळ पुढे केलीत. ती बिचकली. तुम्ही म्हणालात, "वाढ बाई. सकाळपासून बडबड करतोय."

पाटील निघून गेले. त्यांच्या घरच्यांनी आठ दिवस विहीर सोडली आणि नदीच्या वाळूत झिरे खोदून बघितले. नवव्या दिवशी ते परत आले. हे मला बुधाआबांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना ठसका लागला. शेठजींना खरी गोष्ट कळल्यावर मी माफी मागायला गेले. ते म्हणाले, "पाण्याचंच काम होतं ना? मग झालं. पण लादी काळी केलीस, बाई, ती?"

त्या रविवारी दुपारी वस्तीत जेवायला बसलो. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. आपलं कायमचं भांडण तिथेच सुरू झालं. मी म्हणाले, या समाजाला भट्टीत घालून वितळवलं पाहिजे, त्याशिवाय नवा घडणार नाही. तुम्ही भरताचा घास उचलून दाखवलात. "हे वांगं निखाऱ्यात वितळलं का? नाही. पण वांगं राहिलं का?"

मी म्हटलं, "वांग्याला कुणी विचारलं होतं का?"

बुधाआबांची सून पदर तोंडाला लावून हसली, आणि तुम्ही पहिल्यांदा हरलात. एका घासापुरते.

मग ते भांडण पत्रांतून चालू राहिलं. तुम्ही म्हणायचात, घट्ट असतानाच बदलणं हेच खरं अवघड. मी म्हणायची, दाबाखाली कोण असतं, ते आधी सांगा. भार वर असणाऱ्यांचा आणि कळ खालच्यांची. यावर तुम्ही लिहिलं होतंत, 'हा मुद्दा दगडांनी मला कधी सांगितला नव्हता. विचार करतो.' शाळेने त्या पत्रकावरून तुम्हाला बोलावून काय सुनावलं, ते मात्र तुम्ही एकाही पत्रात लिहिलं नाहीत. पुढल्या वर्षी तुमचे वरचे वर्ग काढून घेतले, ते मला इतरांकडून कळलं. मी विचारलं तर म्हणालात, "बरं झालं. लहान पोरं खिशात दगड आणतात. मोठी नुसती वही आणतात."

आणि एक गोष्ट माझ्याकडे राहून गेली. गेल्या महिन्यात मी वाचनालयात एक जाडजूड ग्रंथ उघडून बसले होते, तुम्हाला हरवण्यासाठीच. त्यात सापडलं! धग फारच वाढली तर रूपांतरित खडकही ठिकठिकाणी वितळायला लागतो. त्यातून फिकट रसाच्या शिरा निघतात आणि काळ्या दगडात वळत, मुरडत जातात. म्हणजे तुमचे दगडही शेवटी माझ्या बाजूचे, नाना! मी आठ पानांचं विजयी पत्र लिहिलं. तुम्ही गेलात त्याच्या आधीच्या शनिवारी पेटीत टाकलं. तुम्हाला ते मिळालं की नाही, मला माहीत नाही. काकूंना विचारायचा धीर झाला नाही. मिळालं असेल तर तुम्ही नक्की लाल पेन्सिल घेऊन बसला असाल, आणि समासात लिहिलं असेल, 'मान्य. पण मग तो या धड्यातला खडक राहत नाही, पुढच्या धड्यातला होतो.' मिळालं नसेल तर मी जिंकले, असं धरून चालते. अशा फुकटच्या विजयाची चव कशी लागते, ते तुम्हाला सांगायला हवं होतं. अळणी.

मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. माझ्यासारख्या पत्रकवाल्यांना धिक्कार सहज जमतो, आभार मानताना जीभ अडखळते. म्हणून आज सरळ लिहिते, विशेषणाशिवाय. तुम्ही माझ्या चौतीस ओळी कापल्यात. तुम्ही वेळ लिहायला शिकवलंत. तुम्ही सही न करता सही केलीत. तुमच्यासारखा आनंदाने घाबरणारा आणि घाबरूनही लिहिणारा माणूस मी पुन्हा बघितला नाही.

आता वाचकांनो, तुमचं काम. त्या गावची विहीर खुली झाली. पण त्याच्यापासून दोन कोसांवरच्या गावात काल मी गेले होते. तिथे बायका अजून वाळूत वाटीने पाणी भरतात. असं गाव जळगावकडेही आहे, यावलकडेही आहे, आणि बहुधा तुमचंही आहे. तुम्हाला भाषण करायला मी सांगत नाही, पत्रक काढायला सांगत नाही. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता तुमच्या गावच्या पाणवठ्यावर जा. लांब कुठेतरी कडेला एखादी बाई रिकामी घागर घेऊन, कुणी ओतून देईल म्हणून, वाट बघत उभी असेल. तिला काठापर्यंत पुढे बोलवा, म्हणा, "आधी तू भर", आणि तुमची घागर तिच्या घागरीच्या मागे ठेवा.